वरची मूठ

कौतिकआबांविषयी मला खरे तर फार थोडे माहीत आहे. त्यांचे गाव धुळ्याच्या बाजूचे, पण नेमके कोणते हे मी कधी विचारले नाही. त्यांची बायको कशाने गेली तेही ठाऊक नाही. काही वर्षे आम्ही एकाच कारखान्यात होतो, दुपारी एकाच लिंबाखाली डबा खायचो, आणि बोलणे बहुतेक भाजीवरच व्हायचे. ते साक्रीला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले, ही बातमी मला दहावा झाल्यावर कळली. त्यांच्याविषयी दुसरे कोणी लिहील असे वाटत नाही, म्हणून जमेल तसे लिहितो.

जळगावच्या एमआयडीसीत प्रेमराज शेठ यांचा नमद्याचा कारखाना होता. शिंप्यांकडच्या चिंध्या आणि शिरपूरकडच्या जिनिंगमधला टाकाऊ कापूस आणायचा, यंत्रात पिंजायचा आणि गरम दाबाखाली त्याची जाड शीट करायची. ही शीट मोटारीच्या तळाला, पायाखालच्या गालिच्याच्या आत बसते. तिच्यामुळे रस्त्याचा आवाज आणि इंजिनाची धग आत येत नाही. गाडीत बसणाऱ्याला ती कधी दिसत नाही. पुण्याकडची एक मोटार कंपनी आमच्या सगळ्या शीटा घ्यायची. दुसरे गिऱ्हाईक नव्हते. एसटीतून निवृत्त झाल्यावर मी तिथे गेटवर बसायचो, येणारे-जाणारे ट्रक बघायचो.

आबा काट्यावर असत. यंत्रावर सोडण्याआधी एकेका शीटपुरता कापूस पत्र्याच्या ताटात घेऊन तोलावा लागे, ते त्यांचे काम. त्याआधी उभे आयुष्य त्यांनी धुळ्याच्या बाजारात मापाडी म्हणून काढले होते. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायचे आणि शेवटचे माप पडले की वरून एक मूठ घालायची, ही तिथली रीत. कारखान्यातही सकाळच्या पहिल्या ताटाला ते 'लाभ' म्हणत. बायका हसायच्या. "आबा, हाई ज्वारी नही, चिंध्या शेतस," असे कोणीतरी म्हणायचे. आबा म्हणायचे, "चिंध्या शेतस म्हनीसन काय झायं? लेनारा तं मानूसच शे ना?"

कापणीच्या टेबलावर त्यांची मुलगी कोकिळा होती. तिला साक्रीला दिले होते. नवरा वारल्यावर दिराने तिला फार त्रास दिला. एकदा तिच्या दंडावर मी वळ पाहिले होते. तेव्हा ती नुकतीच लहान मुलीला घेऊन बापाकडे आली होती. जळगावातच मेहरूणला एका खोलीत तिघे राहायचे. आबांचा मुलगा शेजारच्याच गल्लीत होता. बहीण कामाला जाते, स्वतःचे खाते, तोपर्यंत त्याचे काही म्हणणे नव्हते. काम सुटले तर तिने सासरी जावे, हे त्याने आधीच सांगून ठेवले होते. आबांनी स्वतःहून मला सांगितलेली घरातली हीच एक गोष्ट. एका दुपारी डबा झाकता झाकता ते म्हणाले, "भाऊ, हाऊ कारखाना चालू शे तवलोक मनी पोर मनाकडे शे." मी हो म्हणालो.

मग कंपनीचा स्वप्नील नावाचा इंजिनियर आला. सभ्य मुलगा. सगळ्यांना नमस्कार केला, चहा घेतला आणि यंत्राजवळ उभे राहून समजावून सांगितले. पेट्रोल महाग झाले आहे, लोक गाडी घेताना आधी अॅव्हरेज विचारतात, सरकारचेही नियम कडक झाले आहेत. इंजिन एका रात्रीत बदलता येत नाही, पण वजन कमी करता येते. म्हणून सीट, दार, काच, जिथून मिळेल तिथून ग्रॅम ग्रॅम काढायचे कंपनीने ठरवले आहे. आमची दोन किलोची शीट आता दीड किलोची हवी. शिवाय दरवर्षी भाव थोडा उतरवायचा, तो नियम सगळ्याच पुरवठादारांना आहे.

आबा तोंडात तंबाखू धरून ऐकत होते. ती थुंकून आले आणि म्हणाले, "साहेब, गाडीच हलकी करानी शे ना? मंग ड्रायव्हरले उपाशी बसाडा."

सगळे हसले, स्वप्नीलही हसला. मग म्हणाला, "आबा, एक लक्षात ठेवा. पूर्वी शीट कमी भरली तर आम्ही परत पाठवायचो. आता जास्त भरली तरी परत येईल."

आबांनी मान हलवली. त्यांना ते समजले असे मला वाटले. आज वाटते की ऐकू आले होते, पण आत गेले नव्हते. जास्त दिले म्हणून माल परत येतो, असे त्यांच्या बाजारात कधी घडलेच नसेल.

शेठनी नवा डिजिटल काटा आणला. पावसाळा लागला आणि पहिला ट्रक परत आला. गेट मीच उघडले. ड्रायव्हर म्हणाला, "जड भरला सगळा माल." जाण्या-येण्याचे भाडे शेठच्या अंगावर पडले. शेठनी पाच-सहा शीटा स्वतः तोलल्या, त्याही जड निघाल्या. पण काट्यावर तर ताट बरोबर भरत होते. सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला, की पावसाळी हवेत तयार शीटा ओल धरत आहेत. शीटा वाळवून रचायचे काम हिलालकडे होते. शेठनी त्याला ताकीद दिली, मोठे पंखे लावले. दुसरा ट्रकही परत आला. शेठनी हिलालला काढून टाकले. तो डबा घेऊन माझ्यासमोरून बाहेर गेला, आणि सवयीने मला हात केला.

त्याच आठवड्यात कोकिळा काही विचारायला काट्यापाशी गेली होती. मी तिथेच शेठची सही घ्यायला थांबलो होतो. आबांनी ताट तोलले, आकडा बरोबर आला. ताट उचलून यंत्राच्या पट्ट्याकडे वळताना त्यांचा उजवा हात ढिगात गेला आणि मूठभर कापूस ताटावर पडला. झाले इतक्या सहज, की मलाही दिसून न दिसल्यासारखे झाले.

कोकिळा म्हणाली, "आबा, हाई काय करी ऱ्हायनात तुम्ही?"

"काय करी ऱ्हायनू?"

"वरथून मूठ टाकी तुम्ही."

आबांनी हाताकडे पाहिले. बोटांना कापसाचे तंतू चिकटले होते. "टाकी?" त्यांनी मलाच विचारले. "भाऊ, टाकी का मी?"

मी हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

ते तसेच शेठच्या खोलीत गेले. मीही मागे गेलो, कारण सही राहिली होती. आबांनी उभ्या उभ्या सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाले, "हिलालनं काही चुकनं नही. त्याले बलाई ल्या. माले काढा." शेठ म्हणाले, "आबा, चाळीस वर्षं धंदा करतोय. कमी देणारे पकडता पकडता केस पांढरे झाले. जास्त देणारा पहिल्यांदाच पकडला, आणि तोही माझ्याच घरात." ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी आबांना काढले नाही. हिलालला निरोप पाठवला, पण तो तोवर सुरतेला गेला होता आणि परत आलाच नाही.

त्यानंतर आबा ताट दोन्ही हातांनी उचलायचे आणि उचलताना मोठ्याने 'बस' म्हणायचे. दिवसभर आतून ते ऐकू यायचे. बस, बस. सकाळचे 'लाभ' बंद झाले. बायकांनी चेष्टा सोडली. पुढचा ट्रक गेला तो परत आला नाही. शीटा अगदी हव्या तेवढ्या भरल्या होत्या. आबा जाता-येता मला विचारायचे, "भाऊ, गाडी उनी का वापस?" मी नाही म्हटले की ते मान हलवून आत जायचे. महिनाभर तसे चालले. एकदा तर कोकिळेने सगळ्यांना गुळाची पोळी आणून खाऊ घातली.

दिवाळीनंतर कंपनीचा फोन आला. नव्या मॉडेलला कापसाचा नमदा नको, पातळ फोम घेणार. तो आणखी हलका आणि आणखी स्वस्त, आणि दुसरीकडून येणार. शेठनी सगळ्यांना अंगणात बोलावून सांगितले. हेही सांगितले, की स्वप्नील म्हणाला यात तुमचा काही दोष नाही, हे वर्षापूर्वीच वर ठरले होते.

लिंबाखाली बसल्यावर आबा म्हणाले, "भाऊ, अशे सांगतसच. मयताच्या घरना मानसेसले बी अशेच सांगतस."

मी म्हणालो, "पण ते खरंही असेल ना आबा?"

"दोन गाड्या वापस उन्यात. तवयच त्यासनं मन फिरनं व्हई."

खरे काय ते मला आजही सांगता येत नाही. वर्षापूर्वी ठरले असेल तर मग नवा काटा कशाला, पंखे कशाला, हिलालची रोजी कशाला गेली? आणि ठरले नसेल तर आबांचे बरोबर. या दोन्हींतले बरे कोणते, तेही मला कळत नाही.

कारखाना बंद झाला. कोकिळेने दोन महिने जळगावात काम शोधले. एका ठिकाणी धुणीभांडी मिळाली, त्यात खोलीचे भाडेही निघेना. भावाने आपले म्हणणे खरे केले. दीर येऊन तिला आणि मुलीला साक्रीला घेऊन गेला. आबांनी दिराचे पाय धरले असे शेजारचे सांगतात. मी तिथे नव्हतो.

उन्हाळ्यात आबा माझ्या दारात आले. अंगात धुतलेला सदरा, हातात पिशवी. कोकिळेला भेटायला निघाले होते. तिचा फोन बरेच दिवस लागत नव्हता. माझा पुतण्या किरण नवी गाडी दाखवायला आला होता, त्याने आम्हा दोघांना बसस्थानकावर सोडतो म्हटले. गाडी त्याच कंपनीची, तेच नवे मॉडेल. एमआयडीसीच्या खडीच्या रस्त्यावर लागलो तसे पायाखाली खडे तडतडताना स्वच्छ ऐकू येऊ लागले. आबा वाकले, चप्पल बाजूला सारून त्यांनी गालिच्यावर तळहात दाबला आणि तसाच ठेवला.

"पातळ शे," ते म्हणाले.

"पण अॅव्हरेज बघा ना आबा," किरण म्हणाला. "बावीसच्या खाली येतच नाही."

"व्हय का? बरं शे."

बसस्थानकावर त्यांनी नातीसाठी फुटाणे घेतले. फुटाणेवाल्याने तोलून पुडीत ओतले आणि वरून थोडे टाकायला मूठ भरली. आबांनी त्याचे मनगट धरले. "बस," ते म्हणाले. फुटाणेवाला माझ्याकडे बघायला लागला. मी दुसरीकडे पाहिले.

साक्रीची बस लागली. गर्दी होती. आबांनी खिडकीतून आत पिशवी टाकून जागा धरली आणि चढून बसले. मी खाली उभा होतो.

"आबा, पाणी घेतलं का बरोबर?"

"लिधं."

"ऊन आहे फार. टोपी घाला."

"घालस. तुम्ही जा आते, पोरगा खोळंबना व्हई."