हसू आलं की खाली बसायचं

रोवण्याच्या रांगेत सत्यशीला असली की बायांना कंबर दुखत असल्याचं कळत नसे. आरमोरीपासून दोन कोसांवरच्या त्या गावात धानाचा रोवणा म्हणजे बायांचं काम. गुडघाभर चिखलात वाकायचं, डाव्या हातात पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची पेंडी धरायची, उजव्या हातानं तीन-चार काड्या काढून रोवायच्या आणि उलट्या पावलांनी मागं सरकत जायचं. दिवसभर हेच. अशा कामात फक्त तोंड मोकळं असतं, आणि सत्यशीलाचं तोंड बांधणारा कोणी जन्मला नव्हता. मालकाची चाल, सरपंचाचा खोकला, नव्या मास्तरांचं घाबरत घाबरत सायकल चालवणं, सगळं ती वाकल्या वाकल्या करून दाखवी. बाया हसत आणि हसता हसता रांग धुऱ्याला, शेताच्या बांधाला टेके.

त्र्याऐंशीच्या रोवण्यात तिची ओळ वाकडी जायला लागली. शेजारी रोवणाऱ्या मीराबाईनं पाहिलं, ती एकाच जागी सहा-सहा वेळा काड्या खोचत होती. हात चालू, डोळे मिटलेले.

"काय वो, झोपली का काय?"

सत्यशीला दचकली. मधलं काहीच तिला आठवेना.

"सासू झोपू देत नाई काय तुले?"

"सासू देते वो. तिचा पोरगा नाई देत."

बाया खिदळल्या आणि गोष्ट तिथंच राहिली. पण सत्यशीलाला ठाऊक होतं. वर्षभरापासून ही झोप तिच्या मागं लागली होती. तोंडात घास असताना, हंडा भरताना, सूप हातात असताना ती यायची. थकून आलेल्या झोपेला माणूस थोडं थांबवू शकतो. ही कोणाला विचारत नव्हती.

चार दिवसांनी मालक रामाजी धुऱ्यावर उभा राहून घाई करत होता. वाऱ्यानं त्याची छत्री उलटी झाली. मीराबाई म्हणाली, "पाहा वो, छत्री मालकिणीवर गेली. तोंड वर करून हुभी!" सत्यशीलाला हसू फुटलं, आणि त्याच क्षणी तिचे गुडघे विरघळले. जबडा सुटला, मान लोंबली, ती पालथी चिखलात पडली. पाणी वीतभरच होतं, पण नाक-तोंड त्यात होतं. तिला सारं ऐकू येत होतं. बाया हसत होत्या. ही नवी नक्कल आहे असं त्यांना वाटलं. ती मनातल्या मनात ओरडत होती, पण बोटही हलत नव्हतं. शेवटी मीराबाईचं हसू थांबलं आणि तिनं केस धरून तिचं तोंड वर काढलं.

चिखलानं माखलेली सून दोघींच्या खांद्यावरून घरी आली, तेव्हा सासू गुणाबाईनं आधी तिच्या तोंडाचा वास घेतला.

यात गुणाबाईचा दुष्टपणा नव्हता. तिचा नवरा लटारू दहा वर्षांपूर्वी असाच गेला होता. मोहाची दारू पिऊन, धानाच्या बांधीत पालथा पडून, वीतभर पाण्यात. तेव्हापासून पालथ्या पडलेल्या माणसाला गुणाबाईच्या लेखी एकच कारण होतं.

"मी पेली नाई, आत्याबाई. मले सारं आयकू येत होतं, फक्त हालता येत नव्हतं."

"ते बी असंच म्हणत," गुणाबाई म्हणाली. "मले सारं समजते म्हणत."

गावात बातमी पसरली. पौर्णिमेला विहारात पांढऱ्या लुगड्यातल्या बाया ओळीनं बसत, पंचशील होई. दारू-नशेपासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं की मागच्या ओळीतल्या माना सत्यशीलाकडं वळत. आणि नेमकी तेव्हाच ती डुलक्या खात असे. हात जोडलेले, हनुवटी छातीवर.

जिथं कौल मागावा असं गुणाबाईला कोणी उरलं नव्हतं. छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं घरचे देव वैनगंगेत सोडले होते. पुजाऱ्याकडं चल म्हणणाऱ्या शेजारणीला ती म्हणाली, "सोडलेल्या देवाले कोणत्या तोंडानं विचारू?"

सत्यशीलाची मुलगी संघमित्रा तेव्हा दहा महिन्यांची होती. घरात तिला संगू म्हणत. आईचं नाक चिमटीत धरायचं आणि स्वतःच खळखळून हसायचं, हा तिचा खेळ. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी सत्यशीला तिला कडेवर घेऊन चुलीवरची पेज ढवळत होती. संगूनं नाक धरलं, हसली. सत्यशीलाही हसली.

लेकीच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत पेज सांडली. खाली पडलेल्या सत्यशीलानं ती किंकाळी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. तिचा हात लेकीपासून टीचभर अंतरावर होता.

त्या दिवसापासून घरातल्या घरात संगू आजीकडं गेली. दूध पाजायला तेवढी मिळे, तेही गुणाबाई समोर बसून असताना. अंगावरचं सुटल्यावर तेही संपलं. "पोरीले हात लावशील नाई," एवढंच गुणाबाई म्हणाली होती. संगूच्या हाताची कातडी आक्रसून चकाकत होती.

नवरा देवराव आरमोरीच्या राईस मिलमध्ये कामाला जाई. अबोल माणूस. पण त्यानं बायकोला दवाखाने दाखवायचे सोडले नाहीत. एकानं कमजोरी सांगून लाल औषध दिलं. दुसऱ्यानं रक्त तपासलं, सलाईन लावलं. तिसऱ्यानं देवरावाला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही भांडण आहे का. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला.

तिथल्या डॉक्टरांनी झोपेचं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "हसल्यावर काय होतं?"

"पडते," सत्यशीला म्हणाली. दोन वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

"मला पाहायचंय," डॉक्टर म्हणाले. "हिला हसवा."

देवरावाला घाम फुटला. जन्मात त्यानं कोणाला हसवलं नव्हतं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत, नोटीस वाचावी तसा तो सांगू लागला. "मिलमध्ये बकरी शिरली. कोंड्याच्या ढिगात. मालक मांगं धावले. ढीग आंगावर आला. सारे पांढरे झाले. तसेच घरी गेले जेवाले. तं मालकीणबाई दारातूनच म्हणते, भाऊ, मालक घरी नाई, मिलमध्ये पाहा."

सत्यशीला गोष्टीला नाही, नवऱ्याच्या त्या गंभीर तोंडाला हसली आणि स्टुलावरून घसरली. डॉक्टरांनी तिला धरलं, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. मिनिटभरानं ती उठली तेव्हा पुन्हा मारली. पाय उडाला.

"दारू नाही, वेड नाही, ढोंग नाही," ते म्हणाले. "झोपेचाच आजार आहे. फार थोड्यांना होतो. पूर्ण बरा होत नाही, आवरता येतो."

त्यांनी दोन गोळ्या दिल्या. एक जागं ठेवायची. तीच दम्याच्या रोग्यांनाही देतात, म्हणाले. दुसरी पडणं थांबवायची, आणि ती एकदम बंद करायची नाही. शिवाय दिवसातून दोनदा, जेवणासारखी वेळ ठरवून, थोडी झोप. आणि हसू आलं की आधी खाली बसायचं. हे सगळं त्यांनी मराठीत कागदावर लिहून दिलं.

देवरावानं तो कागद आईला वाचून दाखवला. गुणाबाईनं शांतपणे ऐकलं.

"दारू नाई, हे बरं झालं. पण पडते तं खरं ना?"

"कमी पडन आता."

"कमी म्हंजे कितीक? पोरगी एकदाच भाजते, बापा."

देवरावानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. संगू आजीकडंच राहिली.

गोळ्यांनी तोंड कोरडं पडे, छाती धडधडे. पण सत्यशीला पुन्हा रोवण्याला जाऊ लागली. दुपारी ती धुऱ्यावर पळसाखाली झोपे आणि मालक कुरकुरला की मीराबाई म्हणे, "डाक्टरचा हुकूम हाय, कागद दाखवू काय?" बाया मायाळू होत्या. त्यांनी आपसात ठरवलं, सत्यशीलाच्या जवळ कोणी थट्टा करायची नाही. रांग मुकी झाली. सगळ्यांत हसरी बाई मधोमध वाकलेली, आणि दोन्ही बाजूंना चिखलाचा पचपच आवाज.

"माह्यापायी तुमी मुक्या झाल्या," ती एकदा म्हणाली.

"काम कर वो," मीराबाई म्हणाली. "जित्ती राहा."

शहाऐंशीच्या पावसाळ्यात गाढवी नदीला पूर आला, आरमोरीचा रस्ता तुटला. गोळ्या संपल्या. नऊ दिवस मिळाल्या नाहीत. एकदम बंद करायची नाही असं डॉक्टर का म्हणाले होते ते आता कळलं. कोंबडीनं मान वाकडी केली तरी ती पडे. गुणाबाईनं तिला पडवीत पोतं अंथरून दिलं होतं. ती तिथंच असे, अर्धी झोपलेली, अर्धी पडलेली.

सहाव्या दिवशी संगू दारात आली. साडेतीन वर्षांची. आजीचं लुगडं गुंडाळून, पदर तोंडात धरून ती आजीसारखी चालत होती. नकला करण्यात पोर आईवर गेली होती. सत्यशीलाला आनंद झाला आणि तेवढ्यानंच तिचं अंग सुटलं. मान पोत्यावर टेकली.

गुणाबाई आतून आली. तिनं मिठाचा डबा उघडला, परत लावला, शेळीला हाकललं. मग संगूला जवळ घेऊन हलक्या आवाजात म्हणाली, "मायपुढं असं करू नोको. हासू नोको, हासवू नोको. तू हासली का माय मरते."

"हाव," संगू म्हणाली. हे तिनं पहिल्यांदा ऐकलेलं नव्हतं.

सत्यशीलाला आता समजलं, लेक तिच्याकडं पाहून ओठ का आवळते. तिला वाटत होतं, पोर आपल्याला ओळखत नाही.

रस्ता सुरू झाला, गोळ्या आल्या. आठ दिवसांनी अंगात बळ आल्यावर ती चुलीपाशी बसलेल्या सासूसमोर जाऊन बसली.

"आत्याबाई, संगूले तुमी सांगतलं, हासली का माय मरते."

"तुले कोणं सांगतलं?"

"मी आयकलं."

"तू तं पडून होती."

"पडून होती, बहिरी नव्हती. तुमी मिठाचा डबा उघडला, मंग लावला. शेळीले हाकललं, हाड म्हणून, दोनदा. मंग बोलल्या. ते हाव म्हणली."

गुणाबाईच्या हातातलं जळतं लाकूड तसंच राहिलं. मग तिनं विचारलं, "सारं आयकू येते?"

"सारं."

"मंग हे बी आयकत असन काय?" गुणाबाई म्हणाली. 'हे' म्हणजे लटारू. "मी धुऱ्यावर हुभी होती. मले वाटलं, पेऊन झोपले. मी शिव्या देल्या. राहा पडून, म्हटलं. घरी निंघून आली."

सत्यशीलाला खोटं बोलता आलं असतं. लटारूची गोष्ट वेगळी होती, दारूची होती. पण ती म्हणाली, "मले नाई मालूम, आत्याबाई."

पेज उतू गेली तरी कोणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुणाबाईनं पडवीत, चुलीपासून लांब, भिंतीला पाठ लावून सुनेला बसवलं. स्वतः शेजारी टेकली, एक हात तिच्या मानेमागं घातला. मग संगूला बोलावून आईच्या मांडीवर ठेवलं आणि दुसरा हात पोरीच्या पाठीशी धरला.

"आता हास," ती म्हणाली.

संगूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. डाव्या हातावरचा डाग सत्यशीलाच्या डोळ्यांसमोर आला.

"हास ना वो, पोरी. मी सांगून राह्यली ना."

संगू हलली नाही. मग सत्यशीलानं गाल फुगवून, रामाजी मालकासारखा खाकरा काढला. संगूच्या बोटांच्या फटीतून एक फुसकन आवाज आला. मग आणखी एक. मग तिला राहवेना. सत्यशीलानं ते हसू ऐकलं आणि तिची मान सासूच्या हातावर पडली, जबडा सुटला, पापण्या मिटल्या.

संगूचं हसू जागच्या जागी थांबलं.

"आजी, मेली काय?"

गुणाबाईचा हात हलला नाही. ना मानेमागचा, ना पोरीच्या पाठीवरचा.

"नाई," ती म्हणाली. "आयकून राह्यली ते. बोल तिच्यासंग."