नाव न घेता केलेली प्रार्थना

वर्गातल्या एका सुनेनं विश्वासानं सांगितलेलं गुपित मी प्रार्थनेत मोठ्यानं बोलून टाकलं. माधवनगरला संध्याकाळी मी ख्रिस्ती जीवनाचे धडे द्यायचो, आणि त्या दिवशीचा धडा होता जिभेवर ताबा. शेवटी डोळे मिटून म्हणालो, "प्रभू, वडूजहून लग्न होऊन आलेल्या आमच्या बहिणीच्या नवऱ्याची दारू सोडव." नाव टाळलं म्हणून स्वतःवर खूशही झालो. वडूजची तेवढी एकच होती आणि सासू तिच्या शेजारीच बसली होती. आमेन म्हणायच्या आत सासू सुनेला म्हणाली, "माझ्या पोराची अब्रू हितं मांडतीस व्हय?" दुसऱ्याच दिवशी सुनेची माहेरी रवानगी झाली.

माफी मागायला वडूजला गेलो आणि तिथंही आधी प्रार्थना करू म्हणालो.

"नको सर," ती म्हणाली. "देवाला आधीच ठावं हुतं. तुमी फकस्त सासूला सांगितलं."