वाळत घातलेला फलक

शेजारच्या वृंदाने मोर्चाचा कापडी फलक धुऊन अंगणातल्या दोरीवर वाळत घातला होता. ती कॉलेजात इतिहास शिकवते, पण तासावर; सुट्टी लागली की पगार बंद. अधिवेशन जवळ आलं की हा फलक पेटीतून निघतो. ‘प्राध्यापक भरती करा’ ही अक्षरं तीच राहतात, फक्त जुन्या सालावर नव्या सालाची पट्टी शिवायची.

मी विचारलं, “यंदा तरी बजेटात तुमची भरती निघेल का गं?”

“तिजोरीत खडखडाट आहे म्हणतात, आजी.”

“मतं मागायला आले तेव्हा बरी भरलेली होती!”

ती हसली. तिचे कानाजवळचे केस पांढरे झालेत. मी चौथी शिकले. शिकलं की माणूस वर येतं, असं आम्हाला सांगायचे. ही शिकायचं तेवढं शिकली आणि दारातच उभी राहिली. उद्या तिच्या वर्गातल्या पोरींनी हिच्याकडे बघून शिक्षण सोडलं, तर मी त्यांना नावं ठेवणार नाही.

फलक वाळल्यावर ती पायरीवर बसून पट्टी शिवू लागली. टाके लांब लांब पडत होते.

“बारीक घाल की. मोर्चात उसवेल.”

“असू दे, आजी. पुढच्या वर्षी काढायला बरं पडतं.”