वाट बघायचा महिना

शाळेची मधली सुट्टी होती. चौथीच्या वह्या तपासत बसले होते आणि मिरजेहून एस्तेरआक्कांच्या भाचीचा फोन आला. "सुजाताताई, आक्का गेल्या. पहाटे, झोपेतच." मी "बरं" म्हणाले. एवढंच. मग लाल पेनानं बरोबरच्या खुणा करत राहिले आणि तीन मुलांची चुकलेली गणितं बरोबर देऊन बसले, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. दिवाळीनंतर आक्का भाचीकडे आरामाला गेल्या होत्या. जाताना मला बजावलं होतं, "डिसेंबर लागायच्या आत येतो. तवर खालचं घर झाडून ठेव." आमच्याकडच्या जुन्या बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल 'येतो, जातो' असंच बोलायच्या. घर मी झाडून ठेवलं होतं...

आक्का माझ्या घरमालकीण. कसबा बावड्यात त्यांचं दोन खोल्या खाली आणि एक वर असं घर आहे, वरच्या खोलीत मी नऊ वर्षं राहते. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. खोली बघायला आले तेव्हा मी तयारीतच होते. त्याआधी तीन ठिकाणी आडनाव विचारून झाल्यावर घरमालकांना अचानक भाचा राहायला येणार असल्याचं आठवलं होतं. आक्कांनी आडनाव विचारलंच नाही. "पाणी सकाळी सहाला येतंय, उठतीस का लवकर?" एवढंच विचारलं. मी उठत नव्हते, पण हो म्हणाले. मग नऊ वर्षं माझं पाणी त्यांनीच भरलं आणि नऊ वर्षं त्यावरून टोमणेही मारले.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पेठ वडगावजवळच्या आमच्या गावात बुद्धविहाराची पाटी कुणीतरी फोडली. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, तक्रार दिली. चार दिवसांत उलटी तक्रार आली, की दादानंच जमाव जमवून दगडफेक केली. त्या वेळी दादा शिरोलीच्या फौंड्रीत कामावर होता, हजेरीवर त्याची सही होती. पण हजेरी बघायला कुणाला सवड नव्हती. श्रावणात त्याला नेलं आणि कळंब्याच्या जेलमध्ये ठेवलं. मग सुरू झाल्या तारखा. एकदा कागद आले नाहीत, एकदा साहेब रजेवर, एकदा नुसतंच पुढं ढकललं. सुरुवातीला मी दर शुक्रवारी मुलाखतीला जायचे. काचेच्या पलीकडे दादा, अलीकडे मी, मध्ये फोन. तो दर वेळी थोडा वाळलेला दिसायचा आणि मला विचारायचा, "काय म्हणतोय वकील?" मी फक्त पुढची तारीख सांगायचे. नोव्हेंबरात मी जायचंच बंद केलं. शाळेत काम आहे असं कारण स्वतःलाच देत राहिले.

त्या डिसेंबरातला पहिला रविवार. मी पोह्यांची ताटली घेऊन खाली गेले. आक्का चर्चमधून आल्या होत्या आणि स्वयंपाकघरात होत्या. बाहेरच्या टेबलावर पितळी ताटात अशोकाची पानं मांडून त्यात चार मेणबत्त्या उभ्या केल्या होत्या. एकच पेटलेली होती. मला वाटलं, वाऱ्यानं बाकीच्या विझल्या. आमच्या घरी बुद्धांसमोर मेणबत्त्या लावतात त्या सगळ्याच लावतात, एखादी विझलेली राहिली तर आई लगेच हटकायची. म्हणून मी काडी घेतली आणि उरलेल्या तिन्ही लावून टाकल्या. आक्का चहा घेऊन बाहेर आल्या, ताटाकडे बघितलं आणि हसायलाच लागल्या. "अगं, आजच नाताळ करून टाकलास की!" मग तिन्ही मेणबत्त्या चिमटीनं विझवल्या आणि सांगितलं, "हा आमचा वाट बघायचा महिना. आगमनकाळ. आठवड्याला एकच लावायची. चार रविवार झाले की नाताळ."

मी चिडलेच. म्हणाले, "आक्का, माझ्या भावाला आत जाऊन चार महिने झाले. मला वाट बघण्याचं कौतुक सांगू नका." त्यांनी चहाची बशी माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, "तू वाट बघत न्हाईस, सुजा. तू नुसती थांबलीयास. वाट बघणारं माणूस दाराकडं तोंड करून बसतंय. तू तर शुक्रवारचं जायाचं बी सोडलंस." मी चहा तसाच टाकून वर गेले. तेव्हा ते मला शब्दांचे खेळ वाटले. राग आला तो मात्र त्या खरं बोलल्या म्हणून आला, हे कळायला मला दोन दिवस लागले.

शुक्रवारी मी शाळेतून आले तर आक्का पायरीवर तयार होऊन बसलेल्या. हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, चष्मा आणि दोन पेनं. "चल. कळंब्याला जायाचं हाय." बस बदलून आम्ही गेलो. मी रांगेत उभी राहिले आणि त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. परत येऊन बघते तर बाई दोन म्हाताऱ्यांचे मुलाखतीचे अर्ज लिहून देत होत्या आणि त्यातल्या एकाला बीपीच्या गोळ्या वेळेवर घेत नाही म्हणून रागावत होत्या. पुढच्या शुक्रवारी तिथल्या चहावाल्यानं त्यांच्यासाठी बाक पुसून ठेवला.

तिसऱ्या आठवड्यात गावाकडून, उलटी तक्रार देणाऱ्यांचा निरोप आला. पाटीची तक्रार मागं घ्या, तसं लिहून द्या, मग आमचे साक्षीदारही काही बोलणार नाहीत. दादा नाताळाआधी बाहेर आला असता. मला ते हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. आक्का आता भाषण करतील अशा तयारीनंच मी त्यांच्यापुढे बसले. त्यांनी स्वतःचीच एक गोष्ट सांगितली. नोकरीची शेवटची वर्षं चालू असताना त्यांच्या वॉर्डातली इंजेक्शनं गायब झाली आणि आळ त्यांच्यावर आला. वरचे म्हणाले, नजरचुकीनं झालं असं लिहून दे, मिटवून टाकू. त्यांनी लिहून दिलं नाही. चौकशी सहा वर्षं चालली, बढती गेली आणि निर्दोष असल्याचं पत्र आलं तेव्हा त्या रिटायर झालेल्या होत्या. "मग मिळालं काय तुम्हाला?" मी जरा खवचटपणेच विचारलं. "काय न्हाय," आक्का म्हणाल्या. "लय रडलो त्या दिवशी. पर माझं मी ठरवलंतं. तुझ्या दादाचं त्यो ठरवंल. त्याला समदं सांग. तुला किती तरास हुतोय, ते बी सांग. लपवू नको."

मी सगळं सांगितलं. दादानं फोन कानाला लावून ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तक्रार मागं घेतली तर पाटी आपणच फोडली असं हुतंय की गं." तो पुढे म्हणाला, "मी काढतो दिवस. तू फकस्त शुक्रवार चुकवू नको. मधी तीन-चार खेपा आली न्हाईस, तवा मला वाटलं, हिला बी आता खरं वाटाय लागलं." परतीच्या बसमध्ये मी हमसून रडले. आक्का खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या, त्यांचा हात तेवढा माझ्या गुडघ्यावर होता.

त्या नाताळाला काही चमत्कार झाला नाही. चौथी मेणबत्ती लागली, नाताळ आला, गेला आणि दादा आतच होता. पण त्यानंतर मी एकही शुक्रवार चुकवला नाही. शिमग्याच्या सुमारास त्याला जामीन मिळाला. खटला अजून चालू आहे. गेल्या डिसेंबरात आक्का पुन्हा पिशवी घेऊन पायरीवर बसलेल्या दिसल्या तेव्हा मी चेष्टा केली, "आक्का, आता आपलं कोण आहे तिथं?" त्या म्हणाल्या, "बाक हाय की माझा." आणि चारही शुक्रवारी गेल्या, एकट्या. एकदाही मी त्यांच्याबरोबर गेले नाही. याचं मला आता फार वाईट वाटतं.

या वर्षी आगमनकाळातल्या पहिल्या शुक्रवारी अर्धी रजा टाकून मी कळंब्याला गेले. चहावाल्यानं विचारलं, "सिस्टर न्हाईत आल्या?" त्याला सांगितलं. त्यानं स्टोव्ह बारीक केला आणि मला चहा दिला. तेवढ्यात बिद्रीकडची एक बाई आली, तिशीतली. नवऱ्याला चारच दिवसांपूर्वी आणलेलं, हातातला कोरा अर्ज घामानं ओला झालेला. "काय लिवायचं असतंय ह्यात?" मी तिला शेजारी बसवलं आणि नाव, गाव, नातं विचारत लिहू लागले. किती दिवस लागतील, असं तिनं विचारलं. ठाऊक नाही, असं मी खरंच सांगितलं. जरा वेळानं तिनं माझ्याकडे निरखून बघितलं.

"तुमचं कोण हाय आत?"

"आता कुणी नाही. भाऊ होता. जामिनावर सुटलाय. केस चालू आहे अजून, पुढची तारीख जानेवारीत."

तिनं पदरानं तोंड पुसलं. स्वतःचा नवरा भिंतीपलीकडे, आणि माझ्या दंडावर हात ठेवून मलाच म्हणाली, "सुटंल की वो बाई. जिवाला घोर लावून घिऊ नका."

मी मान हलवली आणि तिच्या अर्जावर पुढचा रकाना भरायला घेतला.