उजव्या बाजूची सुरमई

आधीच सांगते, करणी, नजर, देवऋषी असलं काही माझ्यापुढे चालत नाही. आई मिरच्या ओवाळायला लागली की पहिली मीच ओरडते. रत्नागिरीत माझं डिझाइनचं छोटंसं दुकान आहे, लग्नपत्रिका, बॅनर वगैरे. कॉम्प्युटर अडला की आधी वायर तपासणारी बाई मी. तरी जे झालं ते जसंच्या तसं लिहितेय... हसायचं तर खुशाल हसा.

बाबा पूर्णगडला असतात. जन्मभर त्यांनी बोटी रंगवल्या. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, दोन बाजूंना दोन सुरमया ही त्यांची खूण. डावीचं तोंड मिटलेलं, उजवीचं किंचित उघडं. "एक गुपचूप जाणारी, एक घरी येताना हाक मारणारी," असं म्हणायचे.

मग अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. यंदा रफीकभाईंची नवी बोट तयार झाली. त्यांच्या प्रत्येक बोटीवर बाबांच्याच सुरमया. ते घरी आले, ओशाळून म्हणाले, "भाऊ, यावेळी स्टिकर लावून घेतो. मनाला लावून घेऊ नका." बाबांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून जेवण जवळजवळ सोडलंच. घासभर भात खायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं.

माझं डोकं फिरलं. स्टिकर तर स्टिकर, पण त्यावरच्या सुरमया बाबांच्याच हातच्या असणार म्हणजे असणार!

मी चित्रकलेचा एक प्रोग्राम वापरते. ब्राउझरमध्येच उघडतो, इन्स्टॉल करायची भानगड नाही. त्याचं नवं अपडेट नुकतंच आलं होतं — थरथरती रेघ सावरून घेणारी सोय, अर्धं चित्र काढलं की दुसरी बाजू आपोआप उमटवणारा आरसा, आणि चित्र कसकसं काढलं ते परत दाखवणारा रिप्ले. मला वाटलं, हे बाबांसाठीच केलंय. रविवारी लॅपटॉप आणि पेन टॅबलेट घेऊन पूर्णगड गाठलं.

"नको गो बाय," बाबा म्हणाले. "डाव्या हाताने सुरमई कसली, बोंबील होईल."

"होऊ दे. रफीकभाईंना बोंबील आवडतो."

हसले! किती दिवसांनी... पेन डाव्या हातात धरला. उजवा मांडीवर निपचित. टॅबलेट सरकू नये म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरून बसले. बाबा घामाघूम झाले, पण थांबेनात. शेवटी डाव्या सुरमईचं मिटलेलं तोंड काढलं आणि पेन खाली ठेवला. आरशामुळे उजवीचंही तोंड मिटलेलंच येणार होतं, ते मी नंतर दुरुस्त करणार होते.

बघते तर उघडं.

"तू केलंस?"

"बाबा, माझे हात कुठे होते ते बघितलंत ना!"

मी रिप्ले लावला. आरशात दोन्ही रेघा एकदमच यायला हव्यात. इथे उजवी आधी येत होती, ठाम, एका दमात. डावी अडखळत तिच्या मागून... बोट धरून चालणाऱ्या पोरासारखी. बाबांनी स्क्रीनवर हात ठेवला.

"हा माझा उजवा हात गो, बाय," म्हणाले आणि ढसाढसा रडले. मीही रडले, लपवत नाही.

पण सोडेन तर मी कसली! दुसरा लॅपटॉप झाला, दुसरा ब्राउझर झाला, आरसा बंद करून परत चालू केला. मी काढलं की उजवी सुरमई मुकाट तोंड मिटून. प्रोग्रामवाल्यांनाही लिहिलं. असं होऊच शकत नाही, एवढंच उत्तर आलं. अहो, ते मलाही कळतं!

स्टिकर लागले तेव्हा रफीकभाईंनी बाबांना खुर्चीसकट बंदरावर नेलं. उजव्या सुरमईपुढे उभे राहून म्हणाले, "भाऊ, हात बरा झाला, सांगितलं नाहीत?" बाबा घरी येऊन पोटभर जेवले, वर आईकडे आणखी भात मागितला.

कारण मला आजही सापडलेलं नाही. बोट जाते, घरी येते. लॅपटॉप आणि टॅबलेट मी पूर्णगडलाच ठेवलेत; बाबा रोज ते आईकडे मागतात, उजवा हात मांडीवर ठेवून बसतात. आरसा मी बंद करत नाही.