‘काळी घार’ जहाजावर बिभीषण

केडगावात पुणे रोडला बिभीषण ढाकणेचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. माणूस मूळचा पाथर्डीकडचा. हात चांगला, पण स्वभाव कमालीचा विचारी. साधी चप्पल घ्यायची तरी चार दुकानं हिंडेल, रिकाम्या हातानं घरी येईल आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच दुकानातली घेईल. त्याची बायको पंकजा सांगते, "लग्नाला होकार द्यायला यांनी एवढा वेळ लावला, की आमचे वडील दुसरं स्थळ बघायला निघाले होते."

मुलगी संस्कृती पुण्याला शिकते. मागच्या दिवाळीत तिनं एक खेळ आणला. ती गोष्ट सांगणार, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होणार. कुणी काही करायला गेलं, की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. ती रविवारी घरी आली, की दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून खेळ सुरू व्हायचा. बिभीषण झाला चोर. त्याचा मित्र गोरक्षनाथ, जो टेम्पो चालवतो, तो झाला तलवारबाज. पंकजा चहा घेऊन आली ती मांत्रिकीण होऊन बसली.

गोष्टीतला राजा आजारी होता. त्याच्या आजारावरचं औषध जाणणारा एकच म्हातारा वैद्य, आणि त्याला चाच्यांनी ‘काळी घार’ नावाच्या जहाजात कोंडलेलं. कुणाला चाहूल न लागू देता जहाजावर चढायचं आणि वैद्याला सोडवून आणायचं, एवढंच काम होतं.

बिभीषणनं खडूनं दुकानाच्या फरशीवर अख्खं जहाज काढलं. पहारेकऱ्यांच्या जागी नटबोल्ट ठेवले. मग त्याचे प्रश्न सुरू झाले. वारा कुठून हाय? डेकची फळी वाजती का? पहारेकऱ्याला खोकला आला तर तो कुठं वळंल?

"पप्पा, पहारेकऱ्याला खोकला नाहीये," संस्कृती म्हणाली.

"आज न्हाई. उद्या झाला तर?"

रविवारमागून रविवार गेले. गिऱ्हाइकं जहाज ओलांडून आत यायची. गोरक्षनाथ वैतागला. "बिभीषण, वैद्य म्हाताराय. आपण पोचूस्तोवर राहतो का न्हाई कुणास ठाऊक."

शेवटी प्लॅन ठरला. पहाटेच्या धुक्यात पोहत जायचं, मागच्या बाजूनं नांगराचा दोरखंड धरून वर चढायचं, आधी चोर, मग बाकीचे. तरी बिभीषण म्हणाला, "अजून एकदा बघू." तेव्हा संस्कृतीनं गोष्टीची वही मिटली. "भरती आली. जहाज नांगर उचलतंय. आत्ता चढायचं, नाहीतर गेलं."

बिभीषणनं घाईघाईनं मागची सोडून जवळची बाजू धरली आणि फासा टाकला. एक आला.

"पाय घसरला," संस्कृती म्हणाली. "तुम्ही थेट कोंबड्यांच्या खुराड्यावर पडलात. सगळ्या ओरडायला लागल्या. पहारेकरी कंदील घेऊन समोर उभा आहे. विचारतोय, कोण रे तू?"

सगळे बिभीषणकडे बघू लागले. त्यानं फरशीवरच्या जहाजाकडे पाहिलं, पण तिथं कोंबड्या काढलेल्याच नव्हत्या.

"अंडी न्यायला आलोय," तो म्हणाला.

"एवढ्या पहाटे?"

"उशिरा आलं की तुमचा आचारी फुटकी देतो. तुमीच सांगा, फुटकी घेऊन मी बाजारात कुनाला तोंड दावू?"

संस्कृतीला हसू आवरेना. कसंबसं तिनं फासा पुढं केला. अठरा आला. पहारेकऱ्यानं कंदील खाली ठेवला आणि स्वतः पाटी धरून उभा राहिला. बिभीषण एकेक अंडं निरखत वेळ काढत राहिला. तेवढ्यात गोरक्षनाथ आणि पंकजा दुसऱ्या बाजूनं चढले. पंकजानं मंत्रानं कुलूप उघडलं. वैद्याच्या डोक्यावर अंड्यांची पाटी देऊन चौघंजण पहारेकऱ्याच्या डोळ्यांदेखत जहाजावरून उतरले.

गोरक्षनाथनं बिभीषणच्या पाठीत थाप मारली. "लई भारी. हे कधी ठरवलं हुतं?"

"ठरवलं कुठं? तोंडातून गेलं," बिभीषण म्हणाला. पण त्याचा चेहरा काही खुलेना. जरा वेळानं त्यानं विचारलं, "संस्कृती, मागच्या बाजूनं गेलो असतो तर काय झालं असतं?"

संस्कृतीनं वही उघडून पाहिल्यासारखं केलं. "मागचा पहारेकरी झोपला होता, पप्पा. आवाजसुद्धा झाला नसता."

"म्हंजे प्लॅन बरोबर हुता."

"एकदम बरोबर."

मग मात्र बिभीषण खुलला. आठवडाभर मोटार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी अंड्यांची हकीकत सांगायचा आणि शेवटी प्लॅन कसा बिनचूक होता तेही सांगायचा.

पण खेळ संपला त्याच संध्याकाळी भांडी आवरताना पंकजानं लेकीला हळूच विचारलं, "खरंच झोपला होता का गं तो?"

"मम्मी, पहारेकरी माझा आहे," संस्कृती म्हणाली. "मी सांगेन तेव्हा झोपतो."