अठरा जास्तीची मुलं

आमची ही टायपिंग करते आणि मी बाइंडिंग करतो. विद्यापीठाच्या आवारात, परीक्षा विभागाच्या मागे, आमची दहा बाय बाराची खोली. अर्ध्या खोलीत तिचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर, अर्ध्या खोलीत माझं कटिंग मशीन, पुठ्ठे, काळं रेक्झिन आणि खळीचा डबा. दारावर पाटी, ‘विद्यापीठमान्य’. त्या एका शब्दावर आमचं घर चालायचं. ज्या दारावर तो शब्द नाही तिथून बांधून आणलेला प्रबंध विद्यापीठ घेत नाही, आणि तो शब्द दर तीन वर्षांनी नव्याने मिळवावा लागतो.

हिचं शिक्षण मॅट्रिक. पण क्वांटम फिजिक्सपासून समाजकार्यापर्यंत सगळं हिच्या बोटांखालून गेलंय. त्यातलं समजतं किती, असं कुणी विचारलं तर म्हणते, “भाजी निवडायला ती पेरता यायला हवी असं कुठं आहे?” एकदा फिजिक्सचा एक मुलगा हिला समजावत बसला होता, की अणूच्या आतल्या गोष्टी फार लाजाळू असतात, नुसतं बघितलं तरी बदलतात. ही म्हणाली, “मग तुझा प्रबंध गाईडनं बघितलेला नाही. जसा आणलास तसाच आहे.” शिक्षणशास्त्राच्या एका बाईंनी मुलांचं ऐकून घ्यायला शिका यावर तीनशे पानं लिहिली होती, आणि त्या हिला एक वाक्य पुरं करू देत नव्हत्या. अर्थशास्त्राकडचा एक जण गुंतवणुकीतल्या जोखमीवर चारशे पानं लिहून, एकुलता एक पेन ड्राइव्ह रिक्षात विसरून आला होता. त्याला पाणी मीच दिलं.

तर चूक. हिच्या टायपिंगमध्ये तीस वर्षांत चूक सापडलेली नाही असं सगळं आवार म्हणायचं. तक्ता आला की पेन्सिल घेऊन आधी बेरीज करणार, मगच पुढचं पान. गाईड लोक विचारायचे, टाइप कुठं केलंत? आमचं नाव सांगितलं की न वाचता सही. त्याचा हिला गर्व होता. नाही म्हणेल, पण होता. मी नवरा आहे, मला दिसतं.

गेल्या वर्षी समाजकार्य विभागातले एक तरुण सर गाईडची सही झालेली आपल्या प्रबंधाची कच्ची प्रत घेऊन आले. शर्टाची घडी अशी, की कागद कापला जावा. मी त्यांचं नाव ठेवलं कडक इस्त्री. विभागप्रमुखांच्या मर्जीतले, आणि विभागप्रमुख म्हणजे मान्यता समितीवर बसणारे. विषय, दगडखाणीमागच्या वस्तीतल्या एकशे ऐंशी मुलांनी शाळा का सोडली. ही कामाला लागली आणि दुपारी एकदम थांबली.

“अहो, इथे अठरा मुलं जास्त आहेत.”

मी म्हटलं, “देऊन टाक कुणाला तरी.”

हसली नाही. माझ्या विनोदाला ही निदान नाक तरी मुरडते. मी उठून बघितलं. घरकामामुळे ६४, धाकटी भावंडं सांभाळायची म्हणून ३८, शाळा लांब २९, आजारपण २५, मजुरी ४२. खाली एकूण, १८०. हिची पेन्सिल म्हणत होती १९८.

मग ही स्टुलावर चढली आणि माळ्यावरून एक गठ्ठा काढला. हाताने लिहिलेले प्रबंध ही टाकून देत नाही, त्यावरून आमची वर्षाला दोन भांडणं ठरलेली. गठ्ठा अकरा वर्षांपूर्वीचा, पाहणीताईंचा. हे नावही मीच ठेवलेलं. या ताई याच विषयासाठी दोन वर्षं त्या वस्तीत दारोदार फिरल्या होत्या, एकदा कुत्राही चावला होता. त्यांच्या अक्षरात आकडा होता ४६. हिनं मला ग्रंथालयात पिटाळलं. तिथल्या बांधीव प्रतीत, आमच्याच खोलीत टाइप झालेल्या, ६४.

म्हणजे चूक हिची होती. त्या दिवशी बेरीज केली नव्हती, कारण मी मागे लागलो होतो. दुसऱ्या दिवशी सात प्रबंध द्यायचे होते आणि मी “आटप, आटप” करत डोक्याशी उभा होतो. मला ते लख्ख आठवलं. तिलाही आठवलं असणार, पण ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी कडक इस्त्री आले तेव्हा हिनं त्यांचा तक्ता आणि ग्रंथालयातल्या प्रतीतून उतरवलेला तक्ता समोर ठेवले. ते हसले. “बाई, वस्ती तीच, माणसं तीच. आकडे जुळले म्हणजे माझी पाहणी पक्की.” चोर तो चोर, वर शिरजोर. वाक्यं सगळी फिरवून लिहिली होती, पकडायला शब्द एक मिळत नव्हता. ही म्हणाली, “पुढचं टायपिंग दुसरीकडे करा,” आणि कच्ची प्रत, झालेल्या कामाचा पेन ड्राइव्ह, सगळं त्यांच्या हातात ठेवलं.

मग हिनं पाहणीताईंना फोन केला. त्या आता एका पाळणाघराचं ऑफिस सांभाळतात. डॉक्टर झाल्या, पण विभागात कुणी घेतलं नाही. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “अकरा वर्षांत माझा प्रबंध वाचणारा पहिला माणूस भेटला, आणि तोही चोर निघाला.” दुसऱ्या दिवशी त्यांनी लेखी तक्रार दिली, आणि तिघांची चौकशी समिती बसली.

आमच्या मान्यतेची तीन वर्षं त्याच महिन्यात संपत होती. कचेरीतल्या शिपायानं मला बाजूला घेतलं. “वहिनींना सांगा, आठवत नाही म्हणा. ज्यांच्याकडे चुका होतात त्यांना मान्यता कशी देणार, असं वर बोलणं चाललंय.” घरी येऊन मी सांगितलं, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. तू आपल्याच पायावर धोंडा मारून घेतेयस. ताईंची कॉपी झाली, ताई बघतील. ही चहा गाळत होती.

“ताईंकडे काय आहे दाखवायला? भरलेले फॉर्म विभागानं रद्दीत घातले. हा आकडा आहे फक्त.”

“पण तो दाखवलास तर आपली पाटी जाईल.”

“जाईल.”

“आणि मग खायचं काय?”

“ते तुम्ही विचार करा. मी दुसऱ्या कशाचा तरी करतेय.”

मला राग आला. इतका, की चहा तसाच ठेवून मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

सुनावणी लांबलचक टेबलाच्या खोलीत. अध्यक्ष फिजिक्सचे सर, एका बाजूला शिक्षणशास्त्राच्या मॅडम, दुसऱ्या बाजूला अर्थशास्त्राचे सर. तिघांचेही प्रबंध आमच्याच खोलीतून गेलेले. कडक इस्त्रींनी आपलं तेच सांगितलं, वस्ती तीच, आकडे तेच. पाहणीताई म्हणाल्या, मी दारोदार गेले होते. ते म्हणाले, मीपण. अध्यक्षांनी मान हलवली, जणू आता काय करणार. ताईंचे डोळे भरून आले.

ही उठली.

“सर, यातला चौसष्ट हा आकडा त्या वस्तीतला नाही. तो माझा आहे. ताईंनी सेहेचाळीस लिहिलं, माझ्या बोटांनी चौसष्ट केलं. हे मूळ हस्तलिखित. वस्तीत शंभरदा गेलं तरी चौसष्ट सापडणार नाही, कारण तो तिथे कधी नव्हताच. तो फक्त ग्रंथालयात आहे.”

कडक इस्त्रींची घडी पहिल्यांदा मोडलेली बघितली मी. अर्थशास्त्राच्या सरांनी पेन काढलं, पाचही आकडे कागदावर उतरवले आणि म्हणाले, “एकशे अठ्ठ्याण्णव.” साधी बेरीज होती, पण ती करायला अकरा वर्षं लागली.

अध्यक्ष मात्र हिच्याकडे बघत होते. “बाई, तुम्ही काय कबूल करताय ते कळतंय ना? मग इतरांच्या प्रबंधांतही अशा चुका असतील.”

“असतील,” ही म्हणाली. “मी माणूस आहे. पण सर, माझी चूक एकदा झाली. त्याच्याखाली तेव्हा पाच जणांनी सह्या केल्या. आता त्याच आकड्याखाली गाईडनी पुन्हा केलीय. टाइप करायचं काम माझं होतं. वाचायचं कुणाचं?”

तिचा आवाज चढला नव्हता. अध्यक्षांनी माझ्याकडे वळून विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? मी सांगायला गेलो होतो, की साहेब, सांभाळून घ्या. शपथेवर सांगतो, तेच सांगायला गेलो होतो.

“त्या दिवशी घाई मी केली होती,” मी म्हणालो. “तेव्हा अर्धी चूक माझी लिहा. आणि तुम्हा तिघांचे प्रबंधही आमच्याकडचेच आहेत. ग्रंथालयातून मागवा. ही बेरजा करेल, मी पानं उलटतो.”

शिक्षणशास्त्राच्या मॅडमनी घड्याळ बघितलं. सुनावणी तिथेच संपली.

कडक इस्त्रींचा प्रबंध रद्द झाला. त्याच आठवड्यात आम्हालाही पत्र आलं, कामात अचूकता नसल्याने मान्यता काढून घेण्यात येत आहे. खोली रिकामी करायला पंधरा दिवस. पाटी मीच उतरवली. आता आम्ही फाटकाबाहेर, एका लॉन्ड्रीच्या शेजारी बसतो. प्रबंध येत नाहीत, लग्नाचे अल्बम आणि शाळेची रजिस्टरं येतात. पैसे कमी, आणि खरं सांगायचं तर मला अजून मधूनच तिचा राग येतो.

खोली सोडली त्या दिवशी मात्र ही म्हणाली, एक काम राहिलंय. आम्ही ग्रंथालयात गेलो. हिनं पाहणीताईंचा प्रबंध मागितला, तक्त्याचं पान उघडलं आणि पर्समधून टाइप केलेली चिठ्ठी काढली. ‘६४ ऐवजी ४६ वाचावे. चूक टायपिस्टची.’ आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव.

ग्रंथपाल म्हणाले, “बाई, प्रबंधात टायपिस्टचं नाव घालायची पद्धत नाही.”

“चूक केली तेव्हा मी पद्धत विचारली नव्हती,” ही म्हणाली, आणि मला खळीचा डबा उघडायला सांगितला.

तीस वर्षांत हजारभर प्रबंध तिनं टाइप केले. तिचं नाव असलेला हा पहिलाच. मी खळ चारही कडांना लावली, नेहमीपेक्षा जाड, आणि निघणार नाही याची खात्री होईपर्यंत चिठ्ठी अंगठ्याने दाबून धरली.